वाङ्निश्चयानंतर घरांत दुःख आलें तर

नाशिकास गोदावरीच्या घाटावर एकाच सकाळीं दोन प्रकारचीं माणसें दिसतात. कोणी आपल्या वडील माणसाच्या अस्थी घेऊन रामकुंडावर उतरलेला असतो, आणि तेथून हाकेच्या अंतरावर पंचवटींतील एखाद्या कार्यालयाच्या दारावर आंब्याचें तोरण बांधलें जात असतें. नदीला दोन्हींचा सराव आहे. माणसाला मात्र या दोन गोष्टी एकाच घरांत लागोपाठ आल्या म्हणजे काय करावें हें सुचत नाहीं. साखरपुडा झालेला आहे, तिथि धरलेली आहे, कार्यालयाला विसार दिलेला आहे, आणि अशा वेळीं वराच्या वडिलांचें किंवा वधूच्या आईचें निधन होतें. ज्या दोघांचा एकमेकांशीं परिचय नुकताच कोठें वाढूं लागलेला असतो, त्यांच्यावर एकाएकीं अशा प्रसंगाची जबाबदारी येऊन पडते कीं, पुष्कळांना ती लग्नानंतर वीस वर्षांनींही पेलत नाहीं.

अशा वेळीं तीन प्रश्न उभे राहतात. ठरलेलें लग्न टिकतें कीं मोडतें, हा पहिला. तें केव्हां करावें, हा दुसरा. आणि हें झालें कोणामुळें, हा तिसरा. पहिले दोन प्रश्न वडील माणसें बैठकींत बसून उघडपणें बोलतात. तिसरा प्रश्न माजघरांत कुजबुजीनें विचारला जातो, आणि तोच सर्वांत अधिक नुकसान करतो. या तिन्ही प्रश्नांविषयीं शास्त्र काय सांगतें, कायदा काय सांगतो आणि व्यवहार काय शिकवितो, हें क्रमानें पाहणें उपयोगाचें आहे.

प्रथम वाङ्निश्चय म्हणजे काय, हें नीट समजून घ्यावें. नांवाप्रमाणेंच तो वाणीनें केलेला निश्चय आहे. वधूचा पिता ‘कन्या देईन’ असें म्हणतो आणि वराकडील मंडळी तें मान्य करितात. नारळ, सुपारी, मुलीला साडी, ओटी आणि साखरेचा पुडा ही त्याची दृश्य खूण. अलीकडे त्यांत आंगठ्यांची भर पडली आहे. परंतु या कशानेंही विवाह होत नाहीं. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत पाणिग्रहणाच्या मंत्रांची परिपूर्ति सातव्या पावलावर होते असें स्पष्ट म्हटलें आहे. इ. स. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याच्या सातव्या कलमानेंही तोच दंडक उचलला. ज्या विवाहविधींत सप्तपदी आहे, तेथें सातवें पाऊल पडलें कीं विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो, असें तें कलम सांगतें. म्हणजे साखरपुडा आणि सप्तपदी यांच्यामध्यें जो काळ जातो, तो वचनाचा काळ आहे. तो अद्यापि बंधनाचा काळ नव्हे.

वसिष्ठधर्मसूत्र याच्याही पुढें जातें. उदक सोडून आणि वाचेनें दिलेल्या कन्येचा नियोजित वर जर मंत्रविधि होण्यापूर्वीं मरण पावला, तर ती कन्या आपल्या पित्याची कुमारीच राहते, असा त्या ग्रंथाचा निर्णय आहे. तिला वैधव्य येत नाहीं आणि तिचें दुसरीकडे लग्न करण्यास कसलाही प्रत्यवाय नाहीं. हा निर्णय इतका जुना असूनही समाजाला तो वारंवार आठवून द्यावा लागला. गोविंद बल्लाळ देवल यांच्या इ. स. १८९९ मधील ‘शारदा’ नाटकाचा शेवटही याच जातीच्या प्रश्नावर येऊन ठेपतो. लग्न लागतां लागतां मोडलेल्या मुलीचें पुढें काय, हा तो प्रश्न. महाराष्ट्रानें तें नाटक डोक्यावर घेतलें, तरी त्यांतील बोध घरोघर पोहोंचला असें म्हणवत नाहीं.

कायद्याची बाजू थोडक्यांत अशी. लग्नाचें वचन हा एक करार मानला जातो, आणि तें वचन विनाकारण मोडल्यास झालेल्या खर्चाची व नुकसानीची भरपाई मागतां येते. परंतु कोणतेंही न्यायालय कोणाही स्त्री-पुरुषास लग्न करण्याचा हुकूम देत नाहीं. तेव्हां पहिल्या प्रश्नाचें उत्तर असें कीं, घरांत मृत्यु झाल्यानें ठरलेलें लग्न आपोआप मोडत नाहीं, आणि तें पुढें नेण्याची सक्तीही कोणी करूं शकत नाहीं. तें टिकतें तें केवळ दोघांच्या आणि दोन घरांच्या मनावर.

आतां दुसरा प्रश्न, लग्न केव्हां करावें हा. महाराष्ट्रांतील उपाध्याय याबाबतींत प्रायः दोन ग्रंथांचा आधार घेतात. एक ‘निर्णयसिंधु’. तो कमलाकरभट्टांनीं इ. स. १६१२ मध्यें काशीस लिहिला. त्यांचें घराणें मूळचें पैठणचें, म्हणजे गोदातीरींचेंच. दुसरा ‘धर्मसिंधु’. तो पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनीं शके १७१२ म्हणजे इ. स. १७९० मध्यें पुरा केला. या ग्रंथांतून ‘प्रतिकूल’ या नांवाचा एक स्वतंत्र विचार आढळतो. वाग्दान झाल्यावर दोन्ही कुळांपैकीं कोणत्याही कुळांत तीन पिढ्यांच्या आंतील कोणी मरण पावलें, तर त्या स्थितीला प्रतिकूल म्हणतात. दहा दिवसांचें सुतक वेगळें आणि हें वेगळें. दहा दिवसांचें सुतक निकटच्या सर्व सपिंडांना सारखें असतें. प्रतिकूलाचा काळ मात्र नात्याच्या जवळिकीप्रमाणें बदलतो. पिता गेल्यास एक वर्ष, माता गेल्यास सहा महिने, पूर्वीची पत्नी गेल्यास तीन महिने, भाऊ किंवा पुत्र गेल्यास दीड महिना, आणि इतर सपिंडांपैकीं कोणी गेल्यास एक महिना. तेवढा काळ लोटल्यावर शांति करावी आणि मग लग्न लावावें, अशी ही व्यवस्था आहे.

हें कोष्टक बारकाईनें पाहिलें म्हणजे त्यांतील हेतु ध्यानांत येतो. येथें शिक्षा कोणालाच सांगितलेली नाहीं. दुःखाला वेळ द्यावा, आणि जितकें नातें निकट तितका अधिक द्यावा, एवढेंच त्यांत आहे. आईला पित्याच्या निम्मा काळ कां, असा प्रश्न आजच्या मुलामुलींच्या मनांत येईल, आणि तो रास्त आहे. आईचें दुःख सहा महिन्यांत निम्मेंही सरत नाहीं, हें सर्वांना ठाऊक आहे. म्हणून हे आंकडे म्हणजे एका काळाची सोय समजावी. शोकाचें माप त्यांवरून काढूं नये.

शास्त्रकारांनीं या नियमाला अपवादही सांगून ठेविले आहेत, आणि ते मूळ नियमापेक्षांही महत्त्वाचे आहेत. दुष्काळ पडला असतां, राज्यांत धामधूम माजली असतां, मातापित्यांचा जीव धोक्यांत असतां, किंवा कन्या प्रौढ झालेली असतां प्रतिकूलाचा दोष लागत नाहीं. त्याचप्रमाणें नांदीश्राद्ध होऊन कार्यास आरंभ झाला असेल, तर मध्यें आलेल्या सुतकामुळें तें कार्य अडत नाहीं. ‘कन्या प्रौढ झालेली असतां’ हा अपवाद ज्या काळीं लिहिला गेला, त्या काळीं लग्नें बालपणीं होत, म्हणून तो विरळा होता. आज अठरा वर्षांच्या आंत मुलीचें आणि एकवीस वर्षांच्या आंत मुलाचें लग्न लावणें हा इ. स. २००६ च्या कायद्याप्रमाणें गुन्हा आहे. तेव्हां शास्त्राच्या अर्थानें आजची प्रत्येक वधू प्रौढच होय. जुना नियम अक्षरशः पाळूं इच्छिणाऱ्या घरालाही त्याच ग्रंथानें मोकळीक दिलेली आहे. थांबावयाचें असेल तर थांबावें, पण शास्त्राचें नांव पुढें करून दोघांना ताटकळत ठेवूं नये.

लोकांच्या बोलण्यांत आणखी एक समज आढळतो. वर्षाच्या आंत लग्न उरका, नाहीं तर तीन वर्षें थांबावें लागेल, असें वडीलधारीं माणसें सांगतात. वरील कोष्टकांत या तीन वर्षांचा मागमूसही नाहीं. या समजापायीं कित्येक घरांत डोळ्यांतलें पाणी सुकण्याआधींच मुंडावळ्या बांधल्या जातात, आणि त्या घाईचा भार मुख्यतः नव्या सुनेला सोसावा लागतो.

आतां तिसरा प्रश्न. साखरपुडा झाला आणि महिन्याभरांत वराचे वडील गेले, कीं ‘मुलगी पांढऱ्या पायांची’ हे शब्द कोणाच्या तरी तोंडून निघतात. ज्या ग्रंथांनीं मृत्यूनंतरच्या दिवसांचा एवढा हिशेब मांडला, त्यांच्या या विचारांत वधूच्या पायगुणाचा विषयच नाहीं. प्रतिकूल हें दोन्ही कुळांना सारखेंच लागतें. वधूचा पिता गेला तरीही तोच एक वर्षाचा काळ सांगितला आहे. पण तसें झालें तर ‘जांवई पांढऱ्या पायांचा’ असें कोणी म्हणतांना ऐकूं येतें काय? पायगुणच खरा असता, तर तो पुरुषाच्या पायांतही असावयास हवा होता. हा न्याय एकाच बाजूला लावला जातो, यावरूनच तो शास्त्राचा नसून सोयीचा आहे हें उघड होतें.

न्यायशास्त्रांत याला काकतालीय न्याय म्हणतात. कावळा ताडावर बसावयास आणि ताडाचें फळ पडावयास एकच गांठ पडली, म्हणून कावळ्यानें फळ पाडलें असें होत नाहीं. साखरपुडा आणि लग्न यांत चार-सहा महिन्यांचें अंतर असतें. दोन घरांत मिळून चार-पांच वृद्ध माणसें असतात. अशीं हजारों घरें एका जिल्ह्यांत असतां, त्यांतील कांहीं घरांत याच महिन्यांत मृत्यु येणार हें गणिताला धरूनच आहे. तो मुलीच्या नारळाची वाट पाहत थांबलेला नसतो.

नाशिककरांनीं याचा पडताळा फार कठोर रीतीनें घेतलेला आहे. इ. स. २०२१ च्या उन्हाळ्यांत करोनाची दुसरी लाट आली. २१ एप्रिल रोजीं महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयांत प्राणवायूच्या टाकीस गळती लागली, रुग्णांचा पुरवठा तुटला, आणि वीसहून अधिक माणसें दगावलीं. दुसऱ्याच दिवशीं रात्रीं आठ वाजल्यापासून राज्यांत नवे निर्बंध आले. लग्न करावयाचें तर एकाच सभागृहांत, दोन तासांत आणि पंचवीस माणसांत, असें ठरलें. त्या दिवसांत ज्यांच्या घरीं साखरपुडा झाला होता त्यांच्याकडेही माणसें गेलीं, आणि ज्यांच्या घरीं लग्नाचें नांवही नव्हतें त्यांच्याकडेही गेलीं. पायगुणाची कुजबुज ऐकूं आली, तर प्रत्येक सुज्ञ माणसानें त्या उन्हाळ्याची आठवण द्यावी.

घाई कशी माणसांना जाचते, याचें एक प्रसिद्ध उदाहरण याच जिल्ह्याच्या सुपुत्राचें आहे. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांचा जन्म निफाड येथें १८ जानेवारी १८४२ रोजीं झाला. त्यांच्या प्रथम पत्नी सखुबाई इ. स. १८७३ च्या ऑक्टोबरांत वारल्या. रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते, आणि ते आतां एखाद्या विधवेशीं लग्न करतील ही भीति वडिलांच्या मनांत. त्यांनीं तांतडीनें स्थळ पाहून डिसेंबरांत मुलाचें लग्न अकरा वर्षांच्या रमाबाईंशीं लावून दिलें. पत्नीला जाऊन तीन महिनेही झाले नव्हते. हें दुःख वाङ्निश्चयापूर्वींचें, म्हणून तें प्रतिकूलाच्या नियमांत बसत नाहीं. परंतु शोक ताजा असतां दुसऱ्याच्या इच्छेनें बोहल्यावर उभें राहणें म्हणजे काय, हें त्यावरून कळतें. या लग्नानें रानड्यांना अनुयायांची टीका सोसावी लागली, आणि बालवधूला पतीच्या दुःखाचा अर्थ कळण्याचें वयही नव्हतें.

त्या लग्नाचा पुढें संसार झाला, तो मुहूर्तामुळें नव्हे. रानड्यांनीं पत्नीला लिहावयास वाचावयास शिकविलें. इ. स. १८७८ मध्यें त्यांची बदली नाशिकास झाली, आणि तेथील हायस्कुलांत रमाबाईंनीं आपलें पहिलें जाहीर भाषण केलें. ज्या परिचयाला लग्नापूर्वीं अवसरच मिळाला नाहीं, तो त्यांना पुढें वर्षानुवर्षें कष्टानें मिळवावा लागला. आजच्या वधूवरांना तो अवसर साखरपुडा आणि लग्न यांच्यामध्यें आयताच मिळतो. दुःखानें तो लांबला, तर तो वाया गेला असें समजूं नये.

या काळांत दोघांनीं काय करावें? प्रथम शोकाचें स्वरूप ओळखावें. ज्याच्या घरचें माणूस गेलें आहे, तो बोलेनासा होतो, क्षुल्लक गोष्टीवर चिडतो, आणि आनंदाचा एखादा क्षण आलाच तर स्वतःलाच अपराधी मानतो. वडील गेले असतांना आपण साड्यांचे रंग काय निवडायचे, असें त्याला किंवा तिला वाटतें. दुसऱ्यानें या मौनाचा अर्थ ‘मन फिरलें’ असा करूं नये. बहुतेक गैरसमज येथेंच उत्पन्न होतात. रोज विचारपूस करावी, पण रोज उत्तराची अपेक्षा करूं नये.

दुसरें म्हणजे, अशा घरीं पाहुण्यासारखें जाऊं नये. दहाव्याला घाटावर उभें राहणें, आलेल्या-गेलेल्यांना पाणी देणें, घरांतल्या लहानांना जेवूं घालणें, हीं कामें मानपानाच्या याद्यांपेक्षां अधिक जोडतात. मृत्यूची नोंद इ. स. १९६९ च्या कायद्याप्रमाणें एकवीस दिवसांत करावी लागते. मृत्यूचा दाखला, बँकेचीं खातीं, निवृत्तिवेतनाचे कागद अशा धांवपळीच्या गोष्टी दुःखी माणसाला डोंगरासारख्या वाटतात. नियोजित वर किंवा वधू त्यांत हात देईल, तर त्या घरांतील आईला होणाऱ्या जांवयाची वा सुनेची ओळख पुढें कोणी करून देण्याची गरज राहणार नाहीं.

तिसरें, तारखेचा विषय तेराव्याच्या पंगतींत काढूं नये. महिनाभर जाऊं द्यावा. मग दोन्ही घरांतील एक-एक वडील माणूस आणि स्वतः वधूवर यांनीं बसावें. कार्यालयाचा विसार, आचाऱ्याला दिलेली रक्कम, दागिन्यांचा खर्च हें सारें कागदावर मांडावें, कारण पुष्कळदां ‘शास्त्र’ म्हणून जें बोललें जातें, त्याच्या पोटांत बुडणाऱ्या विसाराची काळजी दडलेली असते. पैशाची गोष्ट पैशाची म्हणून उघड बोलली, कीं शास्त्रावरील ओझें कमी होतें. लग्न लवकर पण साधेपणानें करावयाचें ठरलें, तर पंचवीस माणसांतही लग्न लागतें हें सर्वांनीं पाहिलेलें आहे. नोंदणी पद्धतीनें करावयाचें असेल, तर इ. स. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणें आधीं तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि ती दिल्यापासून तीन महिन्यांच्या आंत लग्न न झाल्यास नवी द्यावी लागते. थांबण्याचें ठरलें, तर किती थांबावयाचें हें स्पष्ट सांगावें. ‘पुढें पाहूं’ या शब्दांनीं मुलीच्या घरची झोप उडते.

कधीं कधीं दुःख आल्यावर परिस्थितीच पालटते. वडील गेल्यानें थोरल्या मुलावर घराचें कर्ज आणि धाकट्या भावंडांचें शिक्षण येतें, किंवा एकुलत्या मुलीला आईजवळ राहणें भाग पडतें. तेव्हां ठरलेल्या गोष्टी पुन्हा बोलाव्या लागतात, आणि क्वचित् दोघांनीं वेगळें होणें हेंच दोघांच्या हिताचें ठरतें. महाभारताच्या वनपर्वांतील सावित्रीची कथा याबाबतींत मुळांतून वाचण्याजोगी आहे. सत्यवानाचें आयुष्य एका वर्षाचेंच उरलें आहे असें नारदांनीं सांगतांच राजा अश्वपतीनें मुलीला दुसरा वर निवडण्यास सांगितलें. धर्मज्ञ पित्याला त्यांत अधर्म दिसला नाहीं. सावित्री आपल्या निश्चयावर राहिली ती स्वतःच्या इच्छेनें, सर्व कांहीं जाणून, आणि कोणी भाग पाडलें म्हणून नव्हे. वटपौर्णिमेला ही कथा सांगतांना पित्यानें दिलेली मोकळीक बहुधा गाळली जाते. तीही सांगावयास हवी. माघार घ्यावयाचीच असेल, तर ती समोर बसून, कारण सांगून घ्यावी. निरोप बंद करून किंवा मुलीच्या पायांवर दोष ठेवून घेतलेली माघार मात्र कोणत्याही शास्त्रांत बसत नाहीं.

वनवासांत असतांना श्रीरामांनीं पिता दशरथाचें श्राद्ध रामकुंडावर केलें, अशी नाशिकची परंपरा सांगते. त्या वेळीं सीता आणि लक्ष्मण बरोबर होते, असें श्रद्धाळू मन सहजच चित्र पाहतें. पित्याचा शोक आणि सहचारिणीची सोबत या दोन गोष्टी परंपरेनें एकाच पाण्याशीं आणून ठेविल्या आहेत. ज्या घरीं साखरपुड्यानंतर असा प्रसंग येईल, तेथील वडील मंडळींनीं एवढेंच करावें: दोघांना एकमेकांजवळ बसूं द्यावें, लग्नाच्या तारखेचा निर्णय त्यांना विचारून करावा, आणि घरांत येऊं घातलेल्या मुलीला दोष देणारा पहिला शब्द ज्याच्या तोंडून निघेल त्याला तेथल्या तेथें थांबवावें. हा तिसरा उपाय सर्वांत सोपा आहे, आणि तो करण्यासाठीं कोणताही मुहूर्त पाहावा लागत नाहीं.